निःसंकोच कळवावे, असं कोण बोलतं?

जालन्याचं पोरगं आठवणी लिहून राह्यलं म्हणल्यावर तुम्ही मनातल्या मनात तयारीच केली असंल. आता दुष्काळ येणार, टँकर येणार, मोसंबीची वाळलेली झाडं येणार, आन शेवटी पोराच्या डोळ्यात पाणी येणार. न्हाई येणार. टँकर गेला पलीकडच्या गल्लीत. मी फक्त एका ओळीवर चिडलेलो हाय. एकच ओळ. तिचं भांडण मला सगळ्यांसमोर काढायचंय, म्हणून लिहायला बसलो. ओळ अशी:

"आपणास कोणत्याही प्रकारची मदत लागल्यास निःसंकोच कळवावे."

बघा, वाचतानाच तुम्ही सरळ होऊन बसले. शर्टाचं वरचं बटन लावलं असंल एखाद्यानं. अहो, असं कोण बोलतं? जेवायला बसलेल्या पाहुण्याला आमची माय कधी म्हणली का, "आपणास भाकर लागल्यास निःसंकोच कळवावे"? पाहुणा ताटावरच मरंल उपाशी. माय विचारतच न्हाई. ती भाकर घेऊन येते आन पाहुणा म्हणतो नको. ती म्हणते अर्धी तर घ्या. तो म्हणतो नको नको, बिलकुल जागा न्हाई. मंग ती म्हणते आमच्या हातचं आवडलं न्हाई वाटतं. तिसऱ्या नकोला पाहुण्याचा हात ताटावर आडवा असतो, पण बोटं उघडी असतेत. त्या फटीतून भाकर बराबर खाली जाते. आमच्या अंबडमधे पहिल्या नकोला कोणी नको धरत न्हाई. पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार हाय.

हे मला शेंबडं असल्यापासून माहीत हाय. तरी मी ती ओळ पाठवली. माझ्या या दोन अंगठ्यांनी टाईप करून पाठवली. ते सांगतो.

मी मूळचा नकलाकार. शाळेत गॅदरिंगला हेडसरांची नक्कल केली, तेव्हा हेडसर पहिल्या रांगेत हसले आन दुसऱ्या दिवशी मला वर्गाबाहेर उभं केलं. पुढं बी.ए. झालो. नकला करून पोट भरत न्हाई, म्हणून जालन्याला एका संस्थेच्या ऑफिसात लागलो. संस्था गावोगावी शिबिर घ्यायची, डोळे तपासायची, आन ज्यांचा मोतीबिंदू पिकला त्यांचं ऑपरेशन जालन्याला फुकट करून द्यायची. काम चांगलं, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार न्हाई मी. माझं काम असं, की शिबिराच्या यादीतल्या माणसांना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचा, त्यांची उत्तरं बघायची आन कॉम्प्युटरवरच्या यादीत खूण करायची. रोज अंबडहून आठच्या एसटीनं जायचं आन सांजच्याला परत.

ऑपरेशनला दोन गोष्टी लागतेत. एक, येणं-जाणं, कारण एका डोळ्याला पट्टी बांधून कोणी एसटीत उभं राहत न्हाई. दुसरं, सोबत माणूस. संस्थेकडं गाडी होती, आन ज्याला कोणी न्हाई त्याच्यासाठी एक सोबत करणारी बाई बी होती. फुकट. नुसतं मागायचं होतं.

आन मागायचं कसं, ते ठरवायला मीटिंग झाली. मेसेजची शेवटची ओळ काय ठेवायची, त्याच्यावर चांगला पाऊण तास गेला.

आमच्या मॅडम पुण्याच्या. बाई मोठ्या मनाची, मला त्यांनी स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलेलं हाय. पण बोलणं एकदम इस्त्री केलेलं. त्या म्हणल्या, "शेवटचं वाक्य महत्त्वाचं असतं. तेच माणसाच्या लक्षात राहतं."

टपाल बघणारे आमचे काका म्हणले, "मंग ‘कळावे, लोभ असावा’ टाका. आमच्या वडलांपास्नं चालू हाय."

"काका, लोभ कशाला? आपण त्यांना ओळखतसुद्धा नाही."

"ओळखत न्हाई म्हणूनच तर लोभ मागायचा मॅडम. ओळखीचा तर देतोच."

कोणी म्हणलं ‘आपला विश्वासू’. मॅडम म्हणल्या त्यात बँकेचा वास येतो. ‘सदैव आपल्या सेवेत’ म्हणलं तर काका म्हणले, तो फ्लेक्सवरचा माणूस बोलतो, निवडणूक झाल्यावर दिसत न्हाई. मी म्हणलं, "मॅडम, ‘येतोच मंग’ टाकू." आन एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात म्हणून दाखवलं, घंटीसहित. सगळे हसले. मॅडम बी हसल्या. मंग डोळे पुसून म्हणल्या, "मदत लादायची नाही आपण. समोरच्याचा मान राखायचा. त्याला हवी असेल तर तो सांगेल, नको असेल तर नको म्हणेल. निवड त्याची." आन फळ्यावर लिहिलं: निःसंकोच कळवावे.

मी टाईप केलं. त्यातला विसर्ग पयल्यांदा सापडंना, तोबी शोधून टाकला. मंग पाठवलं. सगळ्या यादीला, एकदम.

दुपारपर्यंत उत्तरं आली. वाचा:

"नको साहेब, तुम्हाला कशाला तरास."

"ऑपरेशन करून देऊन राह्यले तेच लई झालं. येऊ आम्ही आमचं."

"गाडी राहू द्या. गाडीचा खर्चा नको."

एका बाबांनी गुलाबाचं फूल पाठवलं, त्याच्यावर शुभ सकाळ, आन खाली ‘नको’. घनसावंगीकडच्या एका मामांनी तर मलाच विचारलं, "तुमची तब्येत बरी हाय ना?"

ही सगळी नकोवाली माणसं. मी काय केलं? एकेकाच्या नावापुढं ‘वाहन व सोबत: गरज नाही’ या खान्यात बरोबरची खूण करत गेलो. टिक, टिक, टिक. मला एसटी पकडायची होती.

त्या यादीत खाला होती.

खाला म्हणजे मावशी, आमच्या गल्लीतली, आमच्यापासून चार घरं सोडून. पोरगा पुण्याकडं कंपनीत, घरी सून आन सुनेचं लहान लेकरू. खाला गोधड्या शिवते. सबंध अंबडमधे तिच्या टाक्यासारखा टाका न्हाई. मुंगी चालली तर रांग सोडणार न्हाई असा. पण दोन वर्षांपासून डोळ्यापुढं दूध सांडल्यासारखं झाल्तं. टाका बोटानं चाचपून घालायची, पण सुईत दोरा ओवणं जमंना. मंग तिनं युक्ती काढली. सकाळी गल्लीतून जो कोणी जाईल त्याला हाक मारायची, "अरे इधर आ, दस सुयाँ भरके दे." भरलेल्या सुया उशीला टोचून ठेवायची आन दिवसभर एकेक काढून शिवायची. दहा सुया संपल्या की दिवस संपला. बहुतेक सकाळी तो जो कोणी मीच असायचो. एसटीच्या आधी दहा मिनिटं तिच्या ओट्यावर बसायचो, सुया भरायचो, आन कंडक्टरची, हेडसरांची नक्कल करून तिला हसवायचो. शिबिरात बी मीच नेल्तं तिला. डॉक्टरनं सांगितलं, एक डोळा पूर्ण पिकलाय, आता थांबायचं न्हाई.

आन तिच्या नंबरवरून उत्तर आल्तं, सुनेनं टाईप केलेलं: "नक्को साहब. मेहरबानी. हम आ जाते."

मी तिच्या नावापुढं बी टिक केली. म्हणलं, येते म्हणली म्हणजे येईल.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर माणसं बसली. बाक काही भरला न्हाई. नकोवाल्यातले निम्मे आलेच नव्हते. खाला न्हाई. नर्सबाईनं दोनदा नाव पुकारलं. मी फोन लावला, तर सून बोलली.

"बच्चे कू बुखार है भाई, मैं कैसी निकलती? अम्मा बोले मैं अकेली जाती. स्टँड तक गए. बस का बोर्ड पढ़ना नहीं आया. कौनसी कौनसी पूछे तब तक जालने की बस निकल गई. अब वापस आके बैठे. फोन नहीं ले रे. बोल रे, आती बोली थी, अब क्या मुँह से बात करूँ."

मला इतका राग आला ना, की मी हातातला फोन टेबलवर आपटणार होतो, पण हप्ते चालू होते म्हणून हळूच ठेवला. तडक मॅडमकडं गेलो. यादी पुढं केली.

"मॅडम, हे बघा. एवढे लोक आले न्हाईत. गाडी बाहेर रिकामी उभी हाय. सोबतवाली बाई स्वेटर विणत बसली हाय."

मॅडमनी यादी बघितली. त्यांनाबी वाईट वाटलं, खोटं न्हाई बोलणार. पण म्हणल्या, "अरे, पण ह्या सगळ्यांनी स्वतः नको लिहिलंय. लेखी आहे आपल्याकडे."

"मॅडम, ते नको न्हाई. ते पयलं नको हाय."

"पहिलं म्हणजे? किती असतात?"

"तीन. जावई असंल तर चार."

मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी डायरीत लिहून घेतलं! खरंच लिहून घेतलं. आन पुढच्या आठवड्यात उपाय काढला. काय उपाय? पुढच्या तारखेच्या यादीला तोच मेसेज तीनदा पाठवायचा. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. तीच ओळ, तोच विसर्ग.

लोक घाबरले. सोमवारी म्हणले नको. बुधवारी म्हणले, "साहेब, सांगितलं ना नको." शुक्रवारी एकाचा फोन आला, "साहेब, माझ्याकडून काही चूक झाली का? आधार कार्ड जोडायचं राह्यलं का?" दुसऱ्या एकाला वाटलं फसवणूकवाल्यांचा मेसेज हाय, त्यानं मला ब्लॉकच केलं. आता मला सांगा, माझी माय हातात भाकर न घेता स्वयंपाकघरातूनच तीनदा ओरडली, "लागल्यास कळवावे! लागल्यास कळवावे! लागल्यास कळवावे!" तर पाहुणा काय करंल? चप्पल शोधंल.

आग्रह कशाला म्हणतेत, हे ज्याला माहीत न्हाई त्याला कसं समजवायचं? आग्रहात विचारणं नसतंच. आग्रह करणारा सगळा निर्लज्जपणा आपल्या अंगावर घेतो, म्हणून समोरच्याला तो करावा लागत न्हाई. आन ही ओळ काय करते? सगळी लाज समोरच्याच्या पदरात टाकते. तू माग. तू हात पसर. तू लेखी दे, की मला कोणी सोबत न्यायला न्हाई, माझा पोरगा पुण्याला हाय, माझी सून लेकरात अडकली हाय. आन वर म्हणते, निःसंकोच! संकोच तर तूच आणून घातला की दारात. मदत करायची न्हाई, पण विचारलं होतं असं सांगता यावं, त्याच्यासाठी याहून झकास ओळ कोणी काढली नसंल. नेतेमंडळी लिहितेत, सोसायटीवाले लिहितेत, मयतीच्या ग्रुपवर ज्यांचं त्या घरी कधी पाऊल पडलं न्हाई ते सगळ्यात आधी लिहितेत. काही लागलं तर सांगा. काय लागतं ते दिसत न्हाई का?

आता खरी गोष्ट. खालाला दुसरी तारीख मिळाली तीन महिन्यांनंतरची. आन संस्थेचा नियम असा, की दोनदा गैरहजर तर नाव यादीतून कट. मंग पुन्हा शिबिर, पुन्हा तपासणी, आन आमच्या तालुक्यात पुन्हा शिबिर कधी, ते कोणालाच माहीत न्हाई. त्या तीन महिन्यांत दहा सुयांच्या पाच झाल्या. टाके वाकडे पडायला लागले. एका बाईनं गोधडी परत आणली आन नुसती ओट्यावर ठेवून गेली. खालानं हात फिरवला, वाकडा टाका लागला हाताला, आन पूर्ण रांग उसवली. त्या दिवशी मी नक्कल केली न्हाई.

तारीख जवळ आली आन मॅडम दोन दिवस पुण्याला गेल्या ट्रेनिंगला. म्हणल्या, "मेसेज वेळेवर जाऊ दे. फॉर्मॅट तोच." मी म्हणलं, "बिलकुल मॅडम."

आन बसलो. फॉर्मॅट उघडला, ती ओळ पुरी खोडली. खोडताना जो आनंद झाला ना, तो मला बी.ए. पास झाल्यावर बी झाला नव्हता. मागच्या टायमाला नको म्हणून जे आले न्हाईत, तेवढ्यांना एकेकाला वेगळा मेसेज लिहिला. माझी नक्कल करायची कला पयल्यांदा पोटापाण्याच्या कामाला आली. ज्याची जशी बोली, तशी माझी बोली. घनसावंगीच्या मामांना लिहिलं:

"मामा, मंगळवारी सकाळी गाडी तुमच्या दारात येऊन राह्यली. सोबत माणूस बी हाय. मामीला म्हणा निवांत राहा. नको म्हणायचं न्हाई, म्हणलं तरी गाडी येणारच हाय. चहा टाकून ठेवा."

गुलाबवाल्या बाबांना आधी गुलाब पाठवला आन मंग गाडीचं सांगितलं. आन खालाला लिहिलं, सुनेला मराठी लिपी वाचता येते म्हणून त्याच लिपीत:

"खाला, मंगल कू गाडी आरी. साथ में एक बाई बी आरी. बहू कू घर पे रहने दो. नक्को बोले तो मैं दरवाजे पे आके कंडक्टर की आवाज में पूरी गल्ली कू जमा करता. चाय रखो."

उत्तरं आली. त्यात एक बी नको नव्हतं. विचारत काय होते? "किती जण येणार चहाला?" "दूध जास्तीचं घेऊ का?" "डायवर साखर कमी घेतो का?" मामांनी तर लिहिलं, "चहा कशाला, जेवूनच जा." अरे, ऑपरेशन कोणाचं हाय!

मंगळवारी मी गाडीत बसूनच गेलो. डायवर काका जालन्याचे, तोंडात कायम सुपारी. पयल्या दारी चहा, दुसऱ्या दारी चहा, तिसऱ्या दारी चहा आन वर पोहे. चौथ्या दारी काका माझ्यावर उखडले.

"काय रे, काय लिहिलं तू ह्या लोकांना?"

"काही न्हाई काका. गाडी येते म्हणून लिहिलं."

"मला गाडी थांबवायला लागंल आता झाडाखाली. एवढा चहा माझ्या लग्नात न्हाई पेलो."

पण माणसं गाडीत बसत होती. फटाफट. नको नको म्हणत चढत होती. एक पाय पायरीवर आन तोंडात "कशाला तरास केला साहेब". गाडी आमच्या गल्लीत आली तर खाला ओट्यावर तयार. पांढरी ओढणी, हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आन चादर. सून म्हणली फजरच्या नमाजापासून अशीच बसली हाय. डायवर काकांना चहा पाजल्याशिवाय ती उठली न्हाई. काकांनी पेला. बिचाऱ्यांचे डोळे पांढरे झाल्ते, पण पेला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणले चांगलं झालं, अजून उशीर केला असता तर अवघड होतं.

आता तुम्ही म्हणाल झालं, मंग कशाला चिडतो. थांबा ना.

बुधवारी मॅडम आल्या आन त्यांच्या मागोमाग एक तक्रार आली. त्या यादीत एक रिटायर मास्तर होते. ते पण नको म्हणून आले नव्हते. पण त्यांचं नको हे शेवटचं नको होतं. मागच्या टायमाला ते आले न्हाईत कारण त्यांना सर्दी झाल्ती, आन या टायमाला पोरगा सुट्टी काढून स्वतःची गाडी घेऊन आल्ता. माझा मेसेज त्यांनी बघितलाच न्हाई. सकाळी आमची गाडी त्यांच्या दारात उभी राह्यली, गाडीवर संस्थेचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात, मोफत हा शब्द त्याहून मोठा. गल्ली गोळा झाली. पोरगा बाहेर आला. "आम्ही मेलो का? माझ्या बापाला न्यायला फुकटची गाडी लागते का?" मी म्हणलं चुकलं दादा, आन डायवर काका म्हणले चला, निदान इथं तरी चहा न्हाई.

मॅडमनी मला समोर उभं केलं. टपालवाले काका पाकिटं चिकटवत होते, त्यांचे हात थांबले.

"फॉर्मॅट तोच म्हटलं होतं मी."

"हो मॅडम."

"‘नको म्हणायचं नाही.’ हे तू लिहिलंस? संस्थेच्या नंबरवरून?"

"मॅडम, पण सगळे आले ना. खुर्च्या कमी पडल्या."

"ते आले, चांगलं झालं. पण एक सांग. नको म्हणजे नको, हे आपण शाळाशाळांतून मुलांना शिकवतो की नाही? आणि उद्या तुझ्यासारखाच दुसरा कुणीतरी, चांगल्या मनाचा नसलेला, हेच वाक्य लिहील. तेव्हा आपण काय म्हणायचं?"

मी आतून धुमसत होतो. मनात म्हणलं, मॅडम, तुमचं बी खरं हाय, पण तुमच्या खऱ्यात खालाचा डोळा गेला असता. तुमचा मान राखून राखून बाक रिकामा राह्यला असता. मला एक लेखी मेमो मिळाला, त्याच्या शेवटी लिहिलं होतं, "याबाबत आपले काही म्हणणे असल्यास निःसंकोच कळवावे." देवाशप्पथ. मी काही कळवलं न्हाई.

मेमो खिशात घालून मी एसटीत बसलो आन सगळ्या रस्त्यानं मनात भाषण करत आलो. मी बराबर, जग चूक. पार शहीद होऊन आलो अंबडला. म्हणलं, चला, खालाकडं जाऊ. तिथं तरी दुवा मिळंल. सून म्हणली होती पट्टी निघाली, काळा चष्मा लावून बसती.

गेलो. खाला ओट्यावर, मांडीवर ती उसवलेली गोधडी. मी लांबूनच कंडक्टरच्या आवाजात ओरडलो, "चला जालना, जालना!" ती हसली न्हाई. मी खिशातून मेमो काढला आन सगळी गोष्ट सांगितली, रंगवून, मॅडमच्या आवाजासकट. ती ओळ कशी होती, लोकांनी नको कसं लिहिलं, मी कशी खोडली. मंग खालानं चष्मा काढला आन माझ्याकडं बघितलं. बराबर माझ्याकडंच.

"वो पहला वाला, जिसमें नक्को लिखवाई मैं बहू से. वो किसने भेजा था?"

"ऑफिसनं, खाला."

"ऑफिस के हाथ रहते क्या? किसने भेजा?"

"मी. पण ओळ मॅडमची."

"और मेरा नक्को आया तो वो किसने पढ़ा?"

"मीच."

"पढ़के क्या करा?"

"खूण केली."

सून दारात येऊन उभी राह्यली. खालानं आवाज चढवला. तिला चढलेल्या आवाजात मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"अरे बेशरम! मॅडम पुणे की है, उसकू क्या मालूम मेरे घर में कौन है, कौन नहीं. तेरेकू नहीं मालूम? रोज इधर बैठके हा हा ही ही करता, मेरा पोट्टा पुणे में है मालूम, बहू का बच्चा छोटा मालूम, मेरेकू दिखता नहीं ये तो सबसे जास्ती तेरेकू मालूम. और चार घर पे से मेरेकू फोन में पूछता? मुँह में क्या हुआ था तेरे? पूरी दुनिया के मुँह से बोलता, अपने मुँह से एक बार नहीं बोला, खाला, ऑपरेशन कू तुमारे साथ कौन जारा?"

"खाला, यादी मोठी होती..."

"यादी कू आग लगा! फोन कू क्या, फोन कू तो कोई बी नक्को बोल देता. अब आके मॅडम की नकल सुनारा मेरेकू, कागद दिखारा. मॅडम पे गुस्सा आरा साहब कू! उस दिन मैं स्टँड पे खड़ी थी ना, जालना कौनसी जालना कौनसी करते, तो एक आदमी मेरा हाथ पकड़के गली के मुँह तक लाके छोड़ा. वो मेरेकू पहचानता बी नहीं था. वो कुछ पूछा बी नहीं. और तू मेरेकू बचपन से पहचानता, तू उधर बैठके मेरे नाम पे निशान लगारा था. चल उठ मेरे ओटे पे से. उठ! तेरी माँ कू भेज, उसकू बताती मैं क्या औलाद पैदा करी तुम. और वो कागद इधर छोड़के मत जा, लेके जा."